ऑइलफील्डचा ट्रक सोडून लाँगहॉलला जायचंय? आधी हा हिशोब करा, मग नोटीस द्या

पगार किती पडेल, याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. टेक्सासच्या पर्मियन बेसिनमध्ये, म्हणजे तेलाच्या विहिरींच्या पट्ट्यात, तासावर आणि खऱ्या ओव्हरटाइमसकट पैसे घेणारा ड्रायव्हर लाँगहॉलला (राज्याराज्यांतून दूरवर माल नेण्याच्या कामाला) गेला की पहिल्या वर्षी त्याची कमाई बहुतेक वेळा खाली येते. नंतर ती वर नेता येते, अगदी ऑइलफील्डच्याही पुढे नेता येते, पण ते आपोआप होत नाही. नोकरी सोडायच्या आधी कोणते कागद जमवलेत, कोणतं एंडोर्समेंट (लायसन्सवरची जादा परवानगी) काढलंय आणि कसली कंपनी निवडलीय यावर सगळं अवलंबून असतं.

मूळ फरक एवढाच की ऑइलफील्डमध्ये तुमच्या वेळेचे पैसे मिळतात आणि लाँगहॉलमध्ये फिरत्या चाकाचे. रात्री दोन वाजता, विहिरीतून निघणारं खारं पाणी टाकायच्या डिस्पोजलवर तुमच्या पुढे नऊ गाड्या उभ्या असल्या तरी तासावर असाल तर मीटर चालू असतं, तुम्ही सीट मागे टाकून फोन बघत बसता. तीच रांग डॅलसच्या एखाद्या ग्रोसरी वेअरहाऊसला लागली की ते तास तुमच्या खिशातून जातात. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की खालचं सगळं सोपं आहे.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी आधीच. एजंट 'अमेरिकेत ट्रक ड्रायव्हर, महिन्याला इतके लाख' असं सांगत असेल तर पैसे देऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने कमर्शियल ट्रक ड्रायव्हरांचे वर्क व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तात्पुरत्या स्टेटसवर असलेल्यांच्या नॉन-डोमिसाइल्ड सीडीएलवर (सीडीएल म्हणजे जड ट्रकचं लायसन्स) आणीबाणीचा नियम आणला, तो लगेच कोर्टात गेला. एचवनबीवर ट्रक चालवता येत नाही, नवरा किंवा बायको एचफोरवर असेल तरी आधी वर्क परमिटची भानगड आहेच आणि सीडीएलची वेगळी. हा लेख ग्रीन कार्डवाले, सिटिझन आणि ज्यांच्या हातात सरळ सीडीएल आहे अशांसाठी आहे.

सोडायचं का, हे आधी ठरवा

लोक ऑइलफील्ड सोडतात ते बहुधा भाव पडला म्हणून. २०१४ च्या मध्यापर्यंत शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तीसच्या खाली आलं होतं, आणि २० एप्रिल २०२० ला तर डब्ल्यूटीआय या अमेरिकन तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. रिग (विहीर खणणारी यंत्रं) बसल्या की पाणीवाला, खडक फोडायला लागणारी वाळू आणणारा, सगळेच बसतात. पण आता भावापलीकडचीही कारणं आहेत. ॲटलस कंपनीने टेक्सासमधल्या करमिटपासून न्यू मेक्सिकोच्या ली काउंटीपर्यंत ४२ मैलांचा वाळूचा कन्व्हेअर बेल्ट टाकलाय, २०२५ च्या सुरुवातीपासून तो चालू आहे, आणि त्याच कंपनीची वाळू खाजगी लीज रोडवर (विहिरींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर) विनाड्रायव्हरचे ट्रकही ओढतायत. पाण्याचं तर पाइपलाइनने केव्हाच सुरू झालंय. त्यामुळे वाळू आणि पाणी ओढणाऱ्यांनी दुसरा विचार करून ठेवणं शहाणपणाचंच, आणि २८५ नंबरच्या हायवेवर रोज जीव मुठीत धरून जायचा कंटाळा आला असेल तर तेही कारण पुरेसं आहे.

फक्त लाँगहॉल म्हणजे सरकारी नोकरी अशा समजात राहू नका. २०२३ मध्ये यलो ही जुनी मोठी ट्रकिंग कंपनी बंद पडली तेव्हा तीसेक हजार लोकांची नोकरी एकदम गेली. डॅलस ते ह्यूस्टन विनाड्रायव्हरचे ट्रक मे २०२५ मध्ये सुरू झालेत. मंदी इथेही येते, फक्त ती तेलाच्या भावावर न येता मालाच्या भाड्यावर येते आणि मैल हळूहळू आटत जातात, एका आठवड्यात सगळं ठप्प होत नाही.

तुम्ही नक्की काय ओढत होता?

'ऑइलफील्डचा अनुभव आहे' एवढ्याने रिक्रूटरला काही कळत नाही. नेमकं सांगावं लागतं.

क्रूड, म्हणजे कच्चं तेल, ओढत असाल तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम. टँकर आणि हॅझमॅट (धोकादायक माल) दोन्ही एंडोर्समेंट आहेत, लोडिंग-अनलोडिंगचा हात बसलाय, पेट्रोल-डिझेलच्या किंवा केमिकलच्या टँकर कंपन्यांना असाच माणूस हवा असतो. पाण्याचा व्हॅक्यूम ट्रक असेल तर टँकरचं एंडोर्समेंट आहे आणि अर्धवट भरलेली टाकी ब्रेक मारल्यावर मागून कशी ढकलते हे अंगाने माहितीय, फूड-ग्रेड टँकरवाले ते मोजतात. वाळूच्या न्यूमॅटिक (हवेच्या दाबाने रिकामा होणाऱ्या) ट्रेलरवाल्यांना सिमेंट, मैदा, प्लास्टिकचे दाणे असला ड्राय बल्क माल लगेच जमतो. रिग मूव्हवाल्यांनी व्हॅन (बंद पेटीचा ट्रेलर) वगैरेच्या नादाला लागूच नये, साखळ्या-बाइंडर, विंच, ओव्हरसाइझ परमिट हे ज्याला येतं त्याने फ्लॅटबेड (उघडा सपाट ट्रेलर) आणि हेवी हॉलकडे जावं, पैसे तिथेच आहेत.

अडचण होते ती दोघांची. एक फ्रॅक क्रूवाले (विहिरीत दाबाने पाणी-वाळू सोडणारे), ज्यांचा पंप ट्रक महिन्यात दोनचार वेळा एका पॅडवरून, म्हणजे विहिरीच्या जागेवरून, दुसऱ्या पॅडवर जातो आणि बाकी वेळ उभा असतो. दुसरे पिकअपला गूजनेक ट्रेलर लावून हॉटशॉट (तातडीचा छोटा माल पोचवणं) करणारे. या दोन्हीला बऱ्याच कंपन्या, खरं म्हणजे त्यांच्या इन्शुरन्सवाल्या, ट्रॅक्टर-ट्रेलरचा अनुभव धरत नाहीत आणि तुम्हाला नवशिक्यांच्या ट्रेनिंगला घालतात, तोही पगार नवशिक्याचाच. हे अर्ज भरायच्या आधी फोनवर विचारून घ्या, ओरिएंटेशनला चारशे मैल जाऊन कळण्यात अर्थ नाही.

नोकरी असतानाच कागद जमवा

ही पायरी कंटाळवाणी आहे पण इथेच माणसं अडकतात. सीडीएलच्या नोकरीच्या अर्जात मागच्या १० वर्षांचा नोकरीचा इतिहास द्यावा लागतो, आणि नवीन कंपनीला मागच्या ३ वर्षांत तुम्ही जिथे जिथे डॉटच्या (अमेरिकन वाहतूक खात्याच्या) नियमाखाली ट्रक चालवला त्या सगळ्यांकडे चौकशी करणं बंधनकारक आहे. आता ऑइलफील्डची गंमत अशी की पाच ट्रकची कंपनी, मालकाचा फोन एक, ऑफिस म्हणजे एक ट्रेलर, आणि मंदी आली की सगळंच गायब. मग तुमचा दोन वर्षांचा अनुभव कोण सांगणार? म्हणून नोकरीत असतानाच डब्ल्यूटू (नोकराचा टॅक्सचा कागद) किंवा १०९९ (कंत्राटदाराचा), पे स्टब, लोड तिकिटं, लॉगच्या (कामाच्या तासांच्या नोंदीच्या) प्रती, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. मालक चांगला असेल तर लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या की अमुक तारखेपासून अमुक प्रकारचा ट्रॅक्टर-ट्रेलर चालवला.

मग स्वतःचे रिपोर्ट स्वतः बघा. पीएसपी रिपोर्ट ऑनलाइन मिळतो, त्यात ५ वर्षांचे अपघात आणि ३ वर्षांची रोडसाइड इन्स्पेक्शनं असतात. डॅक रिपोर्ट (जुन्या कंपन्यांनी तुमच्याबद्दल दिलेल्या नोंदी) वर्षातून एकदा फुकट मागता येतो, आणि त्यात कोणी 'ट्रक टाकून गेला' असं काही लिहून ठेवलं असेल तर ते आता भांडून काढा, नंतर नाही. ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाऊस या सरकारी नोंदवहीवर तुमचं खातं नसेल तर उघडा, नवीन कंपनी तिथे पूर्ण चौकशी करते आणि त्याला तुमची ऑनलाइन संमती लागते, ती दिल्याशिवाय ट्रकची किल्ली मिळत नाही.

लायसन्स हातात घेऊन त्यावरची अक्षरं वाचा. के असेल तर तुम्ही फक्त राज्याच्या आत चालवू शकता, टेक्सासमध्येच फिरणाऱ्यांना हे कधी टोचत नाही आणि म्हणून लक्षातही राहत नाही. ते काढून, मेडिकलचं सेल्फ-सर्टिफिकेशन इंटरस्टेट करून घ्यावं लागतं. ई असेल तर मॅन्युअल गिअरचा ट्रक चालवता येणार नाही, लाँगहॉलच्या मोठ्या कंपन्यांत आता ऑटोमॅटिकच जास्त त्यामुळे ते चालून जातं, पण हेवी हॉलला अडतं. वयाची २१ पूर्ण नसतील तर राज्याबाहेर जाण्याचा विषय सध्या सोडा.

हॅझमॅट नसेल तर आत्ता काढा. फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा काढणाऱ्याला थिअरी ट्रेनिंग लागतं, मग लेखी परीक्षा, मग टीएसए या सुरक्षा खात्याची बोटांचे ठसे घेऊन तपासणी, या सगळ्यात आठवडे जातात. पगार चालू असताना हे करणं आणि घरी बसून करणं यात फार फरक आहे.

आणि एक आपल्या लोकांसाठी. जून २०२५ पासून रस्त्यावरच्या इन्स्पेक्शनमध्ये इंग्रजी येत नाही असं अधिकाऱ्याला वाटलं तर ड्रायव्हरला तिथल्या तिथे आउट ऑफ सर्व्हिस करतात, म्हणजे गाडी चालवायला मनाई. आपल्याला इंग्रजी येतं, पण घाबरून माणूस तुटक उत्तरं देतो. कुठून निघालात, कुठे चाललात, ट्रेलरमध्ये काय आहे, किती तास झाले, या चार प्रश्नांची उत्तरं पूर्ण वाक्यात द्यायची सवय ठेवा, आणि डिजिटल बोर्डवरच्या सूचना मोठ्याने वाचायची.

लॉगचे नियम बदलतात, आणि ते अंगावर येतात

टेक्सासच्या आतल्या आत चालवणाऱ्याला १२ तास ड्रायव्हिंग, १५ तासांची ड्युटी आणि मध्ये ८ तास विश्रांती असा नियम आहे. राज्याबाहेरच्या कामाला फेडरल नियम लागतो: ११ तास ड्रायव्हिंग, पहिल्यांदा ड्युटीवर आल्यापासून १४ तासांची खिडकी, त्यानंतर सलग १० तास सुट्टी, ८ तास चालवल्यावर ३० मिनिटांचा ब्रेक, आणि ८ दिवसांत ७० तास. त्याशिवाय ऑइलफील्डवाल्यांना सलग २४ तास सुट्टी घेऊन आठवड्याच्या तासांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करायची सवलत असते, लाँगहॉलमध्ये त्याला ३४ तास लागतात. दहा तास जास्त. हे दहा तास कुठल्यातरी ट्रक स्टॉपवर, बिनपगारी.

वेल साइटवर थांबलेला वेळ ड्युटीत न धरण्याची जी सवलत आहे ती खास बनावटीच्या सर्व्हिस ट्रकांना आणि त्यांच्या प्रशिक्षित ड्रायव्हरांनाच आहे, साधं पाणी आणि वाळू ओढणाऱ्यांना नाही. पण फील्डमध्ये बरेच जण सर्रास ती लावतात. लाँगहॉलला गेल्यावर डॉकवर (माल चढवा-उतरवायच्या धक्क्यावर) थांबलेला वेळ 'वेटिंग' म्हणून टाकायचा विचारसुद्धा करू नका.

ज्यांनी १५० एअर-माइलच्या शॉर्टहॉल सवलतीत फक्त टाइमकार्डवर काम केलंय त्यांना ईएलडी (तास आपोआप नोंदवणारं यंत्र) पहिले दोन आठवडे छळतं. स्लीपरचा ८/२ आणि ७/३ स्प्लिट (दहा तासांची विश्रांती दोन तुकड्यांत घेणं) आधी कागदावर शिका, कारण डॉकवर सहा-सात तास अडकलात तर तोच स्प्लिट तुमचा दिवस वाचवतो. आणि नवीन कंपनीत पहिल्या दिवशी मागच्या ७ दिवसांचे तास लिहून सही करून द्यावे लागतात. म्हणजे शुक्रवारपर्यंत फील्डमध्ये ७० तास करून सोमवारी नवीन ट्रकमध्ये बसलात तर तुमच्याकडे तास शिल्लकच कमी असणार. मध्ये सरळ तीनचार दिवस घरी राहा.

आता पैशाचं

उदाहरणाचे आकडे घेतो, तुम्ही तुमचे घाला.

समजा ऑइलफील्डमध्ये तासाला २४ डॉलर, आठवड्याला ७० तास, आणि ४० च्या वर दीडपट. ४० तासांचे ९६०, ३० तासांचे ३६ ने १,०८०, एकूण २,०४०. तीन आठवडे काम आणि एक सुट्टी या हिशोबाने वर्षाला ३९ आठवडे, म्हणजे ७९,५६०.

लाँगहॉलमध्ये समजा मैलाला ५८ सेंट आणि आठवड्याला २,३०० मैल. १,३३४ झाले. वर्षाला ४८ आठवडे धरले तर ६४,०३२. पंधरा हजारांचा खड्डा, आणि तोही नऊ आठवडे जास्त काम करून.

थांबा, पण तुम्हाला खरंच दीडपट मिळतंय का? राज्याबाहेरच्या व्यापाराशी जोडलेल्या जड ट्रकच्या ड्रायव्हरांना ओव्हरटाइम देणं फेडरल कायद्याने सक्तीचं नाही, त्यामुळे ऑइलफील्डमध्येही बऱ्याच कंपन्या सगळे तास सरळ भावाने देतात. मग वरचंच गणित ७० गुणिले २४, म्हणजे १,६८०, आणि वर्षाचे ६५,५२०. आता लाँगहॉलमधला फरक दीड हजाराचा राहिला, आणि त्या दीड हजारात २८५ वरची धूळ, विषारी एचटूएस वायूचा मॉनिटर आणि मॅन कॅम्प (कामगारांची वसाहत) हे सगळं आलं. म्हणून म्हणतो, आधी आपलाच पे स्टब नीट वाचा. सगळा निर्णय त्या एका ओळीवर फिरतो.

देशभराचा अंदाज हवा असेल तर कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकड्याप्रमाणे जड ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रेलर ड्रायव्हरांचा मध्यम वार्षिक पगार ५७,४४० डॉलर होता. म्हणजे निम्मे लोक याच्या खाली आहेत. रिक्रूटर नव्वद हजार सांगत असेल तर त्याच्या कंपनीतल्या किती जणांना ते मिळाले, हे विचारा.

मैलाच्या भावात लपलेल्या गोष्टी बघू. पहिली, मैल कोण मोजतं. ट्रकच्या मीटरवर २,३०० पडले तरी जुन्या 'शॉर्ट माइल'च्या तक्त्याने पैसे देणारी कंपनी त्याचे कमी धरते. सात टक्के कमी धरले तर आठवड्याचे १६१ मैल गेले, वर्षाला साडेचार हजार डॉलरच्या आसपास. 'प्रॅक्टिकल माइल' (ट्रक खरंच जातो त्या रस्त्याचे मैल) देणारी ५५ सेंटची कंपनी ही 'शॉर्ट माइल'वाल्या ५८ ची बरोबरी सहज करते. दुसरी, डिटेन्शन, म्हणजे डॉकवर थांबल्याचे पैसे. साधारण पहिले दोन तास फुकट आणि नंतर तासाला काहीतरी, पण काही कंपन्या शिपरकडून (माल पाठवणाऱ्याकडून) पैसे आले तरच देतात, हे 'तरच' लेखी बघून घ्या. तिसरी, रिकामे मैल त्याच भावाने आहेत का. चौथी, ट्रक बिघडून मोटेलवर पडलात तर दिवसाचे किती, आणि मोटेलचं बिल कोणाचं.

मग पर डिएम नावाचं गाजर. ५८ पैकी १० सेंट कंपनी जेवणखर्च म्हणून दाखवते, त्यावर टॅक्स लागत नाही, हातात थोडे जास्त येतात. पण डब्ल्यूटूवरचा आकडा तेवढा लहान होतो. घराचं कर्ज काढायचं असेल, किंवा पुढे सोशल सिक्युरिटी, बेकारभत्ता यांचा हिशोब असेल तर तो लहान आकडाच पुढे येतो. घर घेणार असाल त्याच्या आधीची दोन वर्षं पर डिएम नको म्हणून सांगा. कंपनीच्या पगारावर असलेल्याला स्वतः वेगळी वजावटही मागता येत नाही, ती सोय आता स्वतःचा धंदा दाखवणाऱ्यांनाच आहे, त्यांचा फेडरल दर ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाला ८० डॉलर आहे.

राज्याच्या टॅक्सची मात्र बातमी चांगली. अनेक राज्यांतून नेहमी फिरणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या पगारावर फेडरल कायद्याप्रमाणे फक्त त्याच्या राहत्या राज्याला इन्कम टॅक्स घेता येतो. घर टेक्सासमध्ये असेल तर तो शून्य. लाँगहॉलला लागलो म्हणून नातेवाइकांजवळ कॅलिफोर्नियात राहायला जाणाऱ्यांनी हा फरक पगारात धरूनच जावं.

१०९९ वर घेतो म्हणणाऱ्या कंपनीच्या ट्रकमध्ये बसू नका. ट्रक त्यांचा, डिस्पॅच त्यांचा, आणि १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स तुमचा. लीज-पर्चेस (कंपनीकडूनच हप्त्याने ट्रक घेणं) तर त्याहून वाईट, सरकारने नेमलेल्या समितीनेच जानेवारी २०२५ मध्ये असे प्रोग्राम बंद करा अशी शिफारस केलीय. मंदीत ऑइलफील्डमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या, हातात थोडी शिल्लक असलेल्या माणसालाच 'स्वतःचा ट्रक' दाखवून पकडतात.

मग पैसे आहेत कुठे?

ड्राय व्हॅनला जागा लगेच मिळते आणि पैसे सगळ्यात कमी. रीफरला (थंड ट्रेलरला) मैल चांगले पण ग्रोसरीच्या डॉकवर रात्र-रात्र थांबा. फ्लॅटबेडला ताडपत्री ओढायचे वेगळे पैसे, ऑइलफील्डवाल्यांना ते काम जड वाटत नाही. फ्युएल टँकरला बहुधा तासावर किंवा लोडवर पैसे आणि रोज घरी, म्हणजे तो लाँगहॉल नाहीच, पण क्रूडवाल्यांनी माझं ऐकून आधी तिथे चौकशी करावी. एलटीएलचा लाइनहॉल, म्हणजे रात्री एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर डबल ट्रेलर नेणं, हे माझ्या मते या सगळ्यात हिशोबी काम, मैल ठरलेले, डॉकवर ताटकळणं जवळपास नाही. त्याला टी एंडोर्समेंट आणि रात्रीची झोप विकायची तयारी लागते. आणि सगळ्यात वर मोठ्या दुकानांचे स्वतःचे ताफे. वॉलमार्टने २०२२ मध्ये नवीन ड्रायव्हरला पहिल्या वर्षी १,१०,००० डॉलरपर्यंत मिळतील असं जाहीर केलं होतं. पण अशा ठिकाणी अलीकडचा स्वच्छ अनुभव मागतात, लीज रोडवरचा धरतीलच असं नाही. म्हणून एखादं-दीड वर्ष साध्या कंपनीत बिनअपघाताचं काढायचं आणि मग तिकडे अर्ज टाकायचा, ही पायरी टाळता येत नाही.

हात बसवायला लागतील अशा गोष्टी

कच्च्या रस्त्यावर, चिखलात, अंधारात ट्रक काढणारा माणूस म्हणतो मला कोण शिकवणार. पण ५३ फुटी व्हॅन शिकागोच्या जुन्या गल्लीतल्या डॉकला ब्लाइंड साइडने (जिकडचं दिसत नाही त्या बाजूने) लावणं हे वेगळंच काम आहे, आणि लाँगहॉलच्या पहिल्या वर्षातले बरेच अपघात रिव्हर्समध्येच होतात. उतरा, चालत मागे जा, बघा, परत चढा. दहा वेळा उतरलात तरी कोणी हसत नाही, हसला तर हसू दे.

वजनाचंही तसंच. फील्डमध्ये ट्रेलरची चाकं सहसा जागची हलत नाहीत, व्हॅनची टँडम (मागच्या चाकांच्या जोड्या) सरकवता येतात आणि सरकवावी लागतात. एकूण ८०,००० पौंड, ड्राइव्हवर (ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर) ३४,०००, टँडमवर ३४,०००. लोड घेतल्यावर कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, जा. ड्राइव्हवर जास्त असेल तर टँडम पुढे घ्यायची, टँडमवर जास्त असेल तर मागे. ट्रेलरचे ब्रेक लावायचे, डाव्या बाजूचा दांडा ओढून अडकवायचा, आणि ट्रॅक्टर गोगलगायीच्या वेगाने पुढे किंवा मागे. पिन गंजून अडकलेली असते तेव्हा लोक दांड्यावर लाथा घालतात, त्यापेक्षा ट्रॅक्टर इंचभर मागेपुढे डोलवा म्हणजे पिनेवरचा ताण जातो आणि ती खटकन आत जाते. सरकवून झालं की दांडा सोडून वाकून चारही पिना भोकातून बाहेर आल्यात का ते टॉर्चने बघा. हे न बघता निघालात आणि ब्रेक मारला तर टँडम सरळ मागे घसरत जातात. कॅलिफोर्नियात जाताना किंगपिनपासून (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खुंटीपासून) मागच्या ॲक्सलपर्यंत ४० फुटांची मर्यादा आहे, ती वेगळी लक्षात ठेवा.

आणि बर्फ. टेक्सासच्या ओडेसात वर्षातून दोनदा पडणारा बर्फ धरू नका. कोलोरॅडोत आय-७० च्या डोंगराळ भागात १ सप्टेंबर ते ३१ मे गाडीत चाकांच्या चेन बाळगणं सक्तीचं आहे, बर्फ असो नसो. ऑरेगनमधली कॅबेज हिल, कॅलिफोर्नियातला डॉनर पास, इथे खाली उतरताना घाट चढून वर पोचायच्या आधीच गिअर आणि वेग ठरलेला असला पाहिजे, वर पोचल्यावर ठरवणाऱ्यांचे ब्रेक धुरकटतात. आपल्या कसारा किंवा खंबाटकीवर ट्रकवाले जे करतात तेच, फक्त उतार बराच लांब.

पार्किंगबद्दल एकच: दुपारी चार-पाचच्या आत थांबलात तर जागा मिळते, रात्री नऊला पूर्वेकडच्या राज्यांत नाही. म्हणून पहाटे लवकर निघायची सवय लावा. जेवणाचं म्हणाल तर ट्रकमध्ये छोटा राइस कुकर आणि फ्रिज ठेवला की आठवड्याचे शंभरेक डॉलर सहज वाचतात, आणि आय-४० वर ओक्लाहोमात सेअरजवळ पंजाबी ढाबा आहे, तिथे गरम पोळी-भाजी मिळते, पण रोज तिथे कोण नेऊन सोडणार.

सोडताना आणि पहिले तीन महिने

दोन आठवड्यांची नोटीस लेखी द्या, ट्रक यार्डात धुऊन उभा करा, आतले-बाहेरचे फोटो काढा, किल्ली कोणाला दिली ते मेसेजवर लिहून घ्या. फील्डमध्ये भांडण करून ट्रक पॅडवरच सोडून जाणारे असतात, त्यांच्या नावापुढे जे लिहिलं जातं ते पुढची कित्येक वर्षं पुसलं जात नाही. शिवाय तेल परत वर गेलं की तुम्हालाच परत यावंसं वाटू शकतं, दार उघडं राहू द्या.

हातात दोन महिन्यांचा घरखर्च असल्याशिवाय निघू नका. ओरिएंटेशनचे आठवडाभर कमी पैसे, पहिला आठवडा बहुतेक कंपन्या मागे ठेवतात, आणि सुरुवातीला डिस्पॅचर तुम्हाला ओळखत नाही तोवर मैल पंधराशे-अठराशेच पडतात. ट्रकचा हप्ता चालू असलेले, पिकअपवर महिन्याला हजार डॉलर भरणारे ऑइलफील्डवाले इथेच गडगडतात. तो पिकअप आधी विका.

घरच्यांशी सुट्टीचं बोलून घ्या. साधारण एक आठवडा बाहेर त्याला एक दिवस घरी असा हिशोब असतो, म्हणजे तीन आठवड्यांनी तीन दिवस. फील्डमध्ये सलग सात दिवस मिळत होते त्यात मुलांच्या शाळेची कामं, डॉक्टर, गणपतीतलं मंडळाचं जेवण, सगळं बसायचं. इथे गणपतीला घरी असायचं असेल तर तीन-चार आठवडे आधी डिस्पॅचला लेखी कळवायचं आणि पुन्हा आठवण करायची.

पहिल्या सेटलमेंटचा (पगाराच्या हिशोबाचा) कागद आला की एका बाजूला ईएलडीवरचे मैल आणि दुसऱ्या बाजूला कंपनीने दिलेले मैल लिहा, खाली ड्युटीचे एकूण तास लिहा आणि पगाराला त्याने भागा. १,३३४ ला ६५ तासांनी भागलं तर साडेवीस डॉलर येतात. असे सलग आठ आठवडे लिहून काढा, पहिले दोन सोडून द्या, उरलेल्या सहांचा आकडा तुमच्या जुन्या तासाच्या भावाशी लावून बघा. तो अठराच्या खाली असेल तर डिस्पॅचरशी बोला, दुसरा लेन (मार्ग) मागा, आणि महिनाभरात हलला नाही तर टँकर किंवा लाइनहॉलवाल्यांना फोन लावायला सुरुवात करा. फक्त वर्षाच्या आत तिसरी कंपनी बदलू नका, कारण चौथ्या ठिकाणी तोच पहिला प्रश्न असतो.